अर्थ लागत नाही

डावा इंडिकेटर दिला
की डोक्यावरचा दिवा मिणमिणायचा.
ब्रेक दाबला की हॉर्न घसा खाकरायचा.
आणि एसीचं बटण दाबलं तर
काटे, पंखा, दिवे, सगळेच
वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखे गप्प.

गाडी नव्व्याण्णव सालची एस्टीम,
रंग कागदोपत्री चंदेरी.
महिना मे.
नाशिक थंड हवेचं गाव, असं सांगणारी माणसं
दुपारी दोनला द्वारकेच्या सिग्नलवर
उभी राहिलेली नसतात.

सातपूरचा म्हणाला, गॅस संपलाय.
भरला. अठराशे रुपये. आठवडाभर बरं वाटलं,
पण आठवडाभर ढगही होते.
मुंबई नाक्याचा, काचेच्या केबिनमधला, म्हणाला,
मॅडम, कॉम्प्रेसर गेला.
'गेला' म्हणताना त्याने घड्याळ पाहिलं,
डॉक्टर पाहतात तसं.
भाच्याने बॅटरी बदलून दिली.
तिची वॉरंटी माझ्याहून जास्त आहे.

शेवटी वडाळा नाका,
टायरांच्या उतरंडीमागे इलियास मिस्त्री.
त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही.
एक बल्ब, दोन वायरी, टोकाला दाभण.
दाभण टोचत टोचत तो डॅशबोर्डखाली शिरला
आणि तासभर त्याचे फक्त पाय दिसत होते.

आतून एकेक बाहेर येत होतं:
कोणी फॉगलॅम्प लावले होते, कोणी काढले,
कोणी टेप बसवला, त्याची निळी वायर
अर्ध्यात पिवळी होऊन
कुठेच न जाता चिकटपट्टीत संपलेली.
ज्याने त्याने आपापलं भागवलं होतं.

मग पाय हलले. डोकं वर आलं.
"बाई," तो म्हणाला, "अर्थ लागत नाहीये."

बत्तीस वर्षं हे वाक्य मी ऐकलंय.
देवळाली कॅम्प, शेवटचा बाक, कवितेचा तास.
तोंडातून सवयीने गेलं:
"पुन्हा बघ. सावकाश. एकेक सुटं करून."
त्याला ते कामाचं वाटलं.

बॅटरी उचलली. खालचा ट्रे काढला.
तिथे, तळहाताएवढ्या जागेत,
तांब्याची विणलेली पट्टी पत्र्याला भेटते,
म्हणजे भेटायची.
पितळेच्या पातेल्यात आमटी विसरावी
तशी हिरवी, कळकलेली.

"करंट येतो, काम करतो," इलियास सांगत होता,
"मग त्याला घरी जायचं असतं, बाई.
आपली वाट बुजली
की दुसऱ्याच्या घरातून जातो.
म्हणून तुम्ही वळता डावीकडे
आणि दिवा लागतो वर."

पॉलिश पेपर. खरखर. खरखर.
पत्र्याचा मूळ रंग, कितीतरी वर्षांनी.
नवा नट, वर बोटभर व्हॅसलीन.

नववी ब, वाल्मीक गांगुर्डे.
संदर्भासह स्पष्टीकरण, चार गुण.
जागा कोरी न सोडता त्याने लिहिलं होतं,
अर्थ लागत नाही.
मी शून्य दिलं आणि लाल शाईत शेरा,
हे चालणार नाही.
पेपर वेळेत तपासून झाले त्या वर्षी.

"लावा आता," इलियास म्हणाला.
टक.
कॉम्प्रेसर लागला तो आवाज एवढाच,
कुणी खडू जागेवर ठेवावा एवढा.
आधी जुन्या धुळीचा वास आला,
मग चष्म्याच्या कडेला गार लागलं.

अडीचशे झाले. मी तीनशे दिले.
पन्नास त्याने परत केले,
ऑइलचं बोट उमटलेली नोट.
"उजवा इंडिकेटर दुप्पट उडतोय," मी म्हटलं.
"तो बल्ब गेलाय. साधं आहे ते.
आत्ता नाहीये माझ्याकडे."

म्हणून मी काचा लावून, एसी चालू ठेवून,
सगळी वळणं डावीकडची घेत
घरी गेले, जरा लांबून.