चोवीस तासांचा पत्ता

विट्यात, चौंडेश्वरीच्या मागल्या बोळात
तारळेकरांकडं नेट बंद.
तिसरी तक्रार, म्हणून मालकानं मला धाडलं.
शिडी ठेव, म्हणाला, डोकं घेऊन जा.

खाली चार माग चालू. वर एकाचं दुसऱ्याला ऐकू येईना.
सुमित्राकाकूंनी बोट दाखवलं: कपाटावर.
तिथं आमचा मोडेम, तीन वर्षांचा, सुताची भुकटी पांघरून,
आणि त्याला खेटून नवाकोरा राऊटर,
चार शिंगांचा, जावयानं पुण्याहून आणलेला.
दोघांचे दिवे हिरवे.
दोघंही बरोबर होते. तीच तर अडचण.

लॅपटॉप मांडीवर घेतला. काकू म्हणाल्या, झालंय तरी काय?
काकू, मोबाईल घरात शिरतो तेव्हा
उंबऱ्यावरूनच ओरडतो, साऱ्या घराला:
मी आलोय, मला कुठं बसवताय?
पाट मांडणारा एकच असावा लागतो.
तो म्हणतो, बस, हा तुझा चौथा.
तुमच्याकडं दोघं मांडतायत.
एकाच पाटावर टीव्हीही बसलाय, तुमचा मोबाईलही,
आणि ताट आलं की
दोघांचेही हात पुढं.

नव्याचं वाटप बंद केलं, वायर बदलली.
तू फक्त वरच्या खोलीपर्यंत हाक पोचव,
पाटाला हात लावायचा नाही.
काकू पदर तोंडाला लावून हसल्या.
जावयाला सांगू नको हं.

मग एकेक जण येऊन बसला.
दोनवर टीव्ही. तीनवर मागाचा कॅमेरा.
चारवर काकू स्वतः.
पाचवर नातीचा टॅब, शाळेतून यायचाय, तरी जागा धरून.
काकूंनी कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं उतरवून घेतलं:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चार.
उमाकांतला कळवते, म्हणाल्या,
घराला नंबर मिळाला.

उमाकांत गलाईच्या कामाला, सेलमला.
दहावीनंतर गेला तो तिकडचाच.

म्हटलं, काकू, हा उंबऱ्याच्या आतला नंबर.
शेजारी म्हेत्रेंकडं हाच आहे.
सेलमच्या खोलीतही बहुतेक हाच.
बाहेर याला कुणी ओळखत नाही.
बाहेर जाताना मोडेम सगळ्यांना एकच अंगरखा घालतो,
आणि कुणी काय मागितलं होतं ते ध्यानात ठेवून
परत आलेलं ज्याचं त्याला देतो.

तो बाहेरचा अंगरखा बघावा म्हणून पान उघडलं.
शंभरनं सुरू होणारा आकडा.
म्हणजे तोही यांचा नाही, आमच्या कंपनीनं आत वाटलेला.
सगळ्या बोळाचा खरा पत्ता एकच,
कराड रोडच्या एका खोलीत, पंख्याखाली, कुलपात.
हे काही मी बोललो नाही.
पेन्सिलनं लिहिलेलं कुणी खोडायला लावतं का?

तेवढ्यात सेलमचा व्हिडिओ आलाच.
भट्टीच्या उजेडात अर्धा चेहरा.
जेवलास का? आधी तेच.
मग काकूंनी कॅलेंडर पालथं करून दाखवलं.
त्यानं मोबाईलमध्ये कुठंतरी बोट फिरवलं,
थांबला,
आई, माझाही चारच आहे की.
खाली एका मागाचा धागा तुटला असावा,
खटखट एकानं कमी झाली,
आणि त्या फटीत मला दोघांचंही
नीट ऐकू आलं.

निघालो. शिडी नव्हतीच, तरी खांद्यावर काही असल्यासारखा.
बस स्टँडजवळ आठवलं,
तपासायला माझाही मोबाईल जोडला होता तिथं.
सातवा पाट.
मी उठलो तरी तो लगेच कुणाला देत नाहीत,
उद्या दुपारी चारपर्यंत माझ्या नावानं राहतो.
विट्यात मी खोली भाड्यानं घेतली तेव्हा
मालकानं अकरा महिन्यांच्या कागदावर
तीन सह्या घेतल्या होत्या.

आणि पावती फाडायची राहिली.
उद्या जावं लागणार.
चारच्या आत गेलो
तर कुठं बसू विचारावं लागणार नाही.