कूळ

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
तिसऱ्या मजल्यावरच्या एसीचा पाइप जिथे ठिबकतो
तिथे वीतभर भिंत हिरवी झाली आहे.

शफिकुल म्हणतो, काई.
वैद्य वहिनी म्हणतात, शेवाळ, घसराल.
मी भिंग काढलं;
बारा वर्षं ते पासपोर्टांच्या डब्यात पडून होतं.

शेवाळ नव्हे. याला खोड आहे, पान आहे,
पानात एकच शीर, शेंड्यापर्यंत नीट गेलेली.
पेशींवर पुटकुळ्या असणार;
त्या भिंगाला नाही, पेठकर मॅडमच्या आवाजात दिसतात.

विभाग हरिता. वर्ग ब्रायॉप्सिडा.
गण पॉटिएलीज. कुल पॉटिएसी.
व्हिसाच्या फॉर्मसारखं, वरून खाली.
प्रजाती हायोफिला, बहुतेक.
जातीचा रकाना मी कोरा ठेवला.
इथे कोण विचारतं?
(विचारतात. पण हळू.)

या कुलाची खूण म्हणजे दात:
बोंडाच्या तोंडाशी बत्तीस, दोऱ्याएवढे, पीळ घातलेले.
"आपल्याइतकेच," मॅडम म्हणायच्या, "मोजून घ्या."
मला एकच बोंड सापडलं, तेही बोळकं.
दात नाहीत, तरी कुलातून काढत नाहीत त्याला;
वाळताना पान आत वळतं,
मूठ मिटावी तसं,
तेवढ्यावर ओळखतात.

मॅडमचं कुल ऱ्हस्व होतं.
आमच्या घरात दीर्घ: आजोबा खोताचे कूळ,
दुसऱ्याच्या कातळावर नाचणी पिकवणारे.
यालाही मुळं नाहीत, नुसते धरून राहायचे धागे,
आणि पाणी तिसऱ्या मजल्याचं.

जुलैत, पन्नास अंशांत, हे तजेलदार होतं.
डिसेंबरात सगळ्यांनी एसी बंद केले
आणि चांगल्या हवेत हे वाळून गेलं,
तपकिरी, जुन्या सुतळीच्या चुऱ्यासारखं.

शफिकुल ब्रश आणि क्लोरॉक्स घेऊन आला.
मर गया, मॅडम.
मी बाटलीच्या झाकणाने पाणी घातलं.
पहिल्यांदा काही नाही.
मग एका पानाने पीठ सोडल्यासारखी पाठ सोडली भिंतीची,
मग शेजारच्याने,
मग मोजता येईनात.

त्याने बादली खाली ठेवली.
फिर से दिखाओ, म्हणाला.
म्हटलं, आधी वाळायला हवं.

उन्ह भिंतीवर यायला अजून तासभर होता.
आम्ही तिथेच उभे राहिलो.