नाव जुळत नाही

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. रविवारची रात्र, पावणेदोन.
माग बंद आहेत, म्हणून ऐकू येतो
सर्व्हरच्या पंख्याचा दमेकरी श्वास.
रंगाच्या रिकाम्या ड्रमांमागे, लोखंडी कपाटात
तो बसलेला असतो अंगावर कापसाची भुरी घेऊन.
दर महिन्याला मी ती ब्रशने झाडते,
दर महिन्याला ती परत येते.

कर्नल बदलला. बाकी काही नाही.
म्हणजे गाभाच की, पण यादीत ती एकच ओळ होती,
खाली प्रश्न, पुढे जाऊ का, आणि मी हो म्हटलं.
यंत्र निजलं, उठलं,
आणि ईथ-झिरो नावाचं कुणी त्याला आठवेना.

केबल काढली. फुंकर मारली. पुन्हा लावली.
मागचा हिरवा दिवा लुकलुकत होता.
घरात माणूस आहे, कडी आतून आहे,
नुसती हाकेला ओ येत नाही.

"एमैंदम्मा?" दारात चिलका मामा,
उद्याची बीम चढवायला आलेले जॉबर.
मामा, नाव बदललंय.
"कुणाचं?"
कार्डाचं.
ते हसले नाहीत. स्टूल ओढून बसले.

आधी कसं होतं, मी सांगू लागले,
जो आधी जागा होईल तो शून्य, मागून उठेल तो एक.
कधी हा आधी, कधी तो, मग गोंधळ.
आता विचारतात, बसलास कुठं?
कुठली बस, कुठली खाच, त्यावरून नाव.
"कुठली बस?"
एसटी नव्हे मामा, आतली.
नवं नाव मी वाचून दाखवलं, ई-एन-पी-थ्री-एस-झिरो.
मामांनी ते तोंडात घोळवलं, गिळलं नाही.
"मिलमध्ये आमच्या बापाला कुणी नरसय्या म्हटलं नाही.
खातं चार, माग एकोणीस.
माग बदलला की हजेरीपटावर माणूस नवा."

फायली सगळ्या जुन्याच नावाने हाका मारत होत्या.
फायरवॉल ईथ-झिरोच्या दाराशी पहाऱ्याला उभी
आणि दारच तिथे नाही.
सकाळी सातला सत्तेचाळीस माग सुरू होणार,
वारावाराची मोजणी येणार,
घ्यायला कुणी नसणार.

ही हाक माझ्या ओळखीची.
ताटात तांदूळ, तांदळात अंगठी फिरली
आणि अनसूयाची मी संजीवनी झाले.
मुहूर्त टळत होता, कोण विचारतंय.
अकरा वर्षं झाली, भविष्य निर्वाहचा अर्ज
अजून परत येतो: नाव जुळत नाही.
टिळक चौकात मागून कुणी अनसूया म्हणालं
तर मान आधी वळते,
आठवतं नंतर.

कार्डाच्या अंगावर मात्र एक पत्ता असतो,
बारा अक्षरांचा, घडतानाच कोरलेला.
गाभा बदला, खाच बदला, तो तसाच.
तेवढा धरून नियम लिहायला घेतला:
हा पत्ता दिसला की हे नाव.
आणि इथे बोटं थांबली.
ईथ-झिरो परत देता आलं असतं.
दोन अक्षरांत जुनं घर.

मामांना विचारलं.
"तो बघतो कुठं?"
हा मागांकडे. तो बाहेर, जगाकडे.
"मग झालं की."

एकाला लिहिलं माग. दुसऱ्याला जग.
यंत्र पुन्हा निजवलं. मामांनी तंबाखू मळली, खाल्ली नाही,
हातातच धरून पडद्याकडे बघत राहिले.
दोन पन्नास. हाक गेली.
ओ आली.
"बरं," एवढंच म्हणून ते बीमकडे गेले.

पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने दोन्ही नावं लिहून
केबलींना गुंडाळली, पुढच्या माणसासाठी.
एक तुकडा उरला.
तो मी डब्याच्या झाकणाला लावला, कोराच.
मार्कर उघडा होता हातात.
कापूस लगेच चिकटला त्याला.