पास

उद्यमनगरात, साळुंख्यांच्या फौंड्रीत
बाबालाल मुजावर इन्स्पेक्टर होते.
इन्स्पेक्टर म्हणजे खाकीतले नव्हेत.
एक छोटी हातोडी, कानामागं खडू,
आणि कान.

पंपाची बॉडी पाटावर घ्यायचे, हळू ठोकायचे.
टण्ण आला तर खडूनं दोन इंग्रजी अक्षरं: ओके.
के चा खालचा पाय जरा लांब,
रंकाळ्यात सोडून बसल्यासारखा.
ठप्प आला तर काहीच लिहायचे नाहीत.
भट्टीकडं नुसतं बोट.

सातवीत इंग्रजीनंच त्यांची शाळा सोडवलेली.
"मास्तर, ह्येचा फुल फॉर्म काय वो?"
मी बिलं लिहायचो, रात्री कॉलेजला जायचो,
एवढ्यावर मास्तर.

ईश्वरा चौगुले लेथवरून ओरडला,
"ओतकाम केलं! ओ, के! त्यात काय!"
हमाल म्हणाला, ट्रकच्या पाठीवर
हॉर्नच्या नि प्लीजच्या मधी असतंय,
म्हंजे रस्त्याचंच कायतरी.

नगर वाचन मंदिरात, जाड कोशात सापडलं.
बोस्टनच्या एका पेपरात, दीडशे वर्षांमागं,
कुणी थट्टेखातर 'ऑल करेक्ट'चं स्पेलिंग
मुद्दाम वाकडं केलेलं.
ए च्या जागी ओ. सी च्या जागी के.
सगळं बरोबर,
आणि दोन्ही अक्षरं चूक.

मुजावर हसले नाहीत.
"म्हंजे डागी माल हाय की ह्यो.
आन् तेवीस वर्सं मी त्येचाच शिक्का मारतोय."
चहा गार झाला.
नऊ बॉड्या बिनअक्षराच्या पडून राहिल्या,
मालक येऊन बोलून गेले.

भोंग्याच्या जरा आधी
त्यांनी डोळे मिटले, मान कलती केली,
आणि तोंडातल्या तोंडात ठोकून पाह्यलं.
ओ.
के.
"चीर न्हाई," म्हणाले. "जाऊ दे फुडं."

आता फौंड्री शिरोलीला गेली, तिथं यंत्र स्टिकर लावतं.
मुजावरही गेले.
माझा मुलगा बंगळूरला असतो.
मी त्याला लिहितो, पैसे पोचले,
गुडघ्याचा एक्स-रे काढला,
आई विचारतीय, दिवाळीला रजा मिळेल का,
मटण कुठल्या दिवशी आणायचं.
उत्तर येतं: के.
ओ वाटेत कुठं गळाला, कोण जाणे.

मी फोन ओट्यावर ठेवतो,
बोटाच्या पेरानं हळू ठोकतो,
कान लावतो.