आकडा

मिरजेच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या तासाला
मी अजूनही फळ्यावर आधी पोतं काढते.
पोरं हसतात.
फिजिओथेरपीला आलेली पोरं, त्यांना वाटतं
मॅडम चुकून बाजारभाव शिकवायला उभ्या राहिल्या.

मग सांगते, दंड म्हणजे मोळी.
मोळी सोडली की आत पेंढ्या,
पेंढी सोडली की एकेक काडी,
आणि काडी चिरावी तर
तिच्यातही पुन्हा मोळीच, केसाहून कितीतरी बारीक.
एवढं बांधून ठेवलंय
आणि गाठ कुठं सापडत नाही.

अगदी तळाशी दोन धागे.
एक बारीक, गप पडलेला.
दुसरा जाड, त्याला दोन्ही टोकांकडं आकडेच आकडे.

हे आकडे मी पुस्तकाआधी पाहिलेत.
सांगलीच्या मार्केट यार्डात,
हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत,
बापाच्या उजव्या मुठीत.

मायाप्पा, जतकडचा, टोळी नंबर अकरा.
पोत्याच्या कानात आकडा खुपसायचा,
मान तिरकी करून ओढायचा,
सोडायचा,
पुढं खुपसायचा.
पोतं वीतभर सरकायचं.
पुन्हा.
रात्री पापण्यांच्या केसांवरसुद्धा राजापुरी हळद.
आई म्हणायची, रोज नवरदेव होऊन येतोय
आन् रोज जेवायच्या आधी झोपतोय.

"धागा आखडत नाही बरं का,"
मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवते,
"लांबी दोघांची तेवढीच राहते.
आकडे ओढतात, धागा धाग्यात शिरतो,
आखडते ती मधली जागा."
आणि आकड्यांना कामाला लावायला
चिमूटभर कॅल्शियम,
तंबाखूला लागतो तेवढासुद्धा चुना नाही.
(मायाप्पाही मळल्याशिवाय
पहिल्या पोत्याला हात लावत नसे.)

मग विचारते, शक्ती कुठं लागते?
सगळा वर्ग एका आवाजात: ओढायला.
अर्धं बरोबर.
एटीपीचा कण येऊन टेकतो
तेव्हा आधी पकड सुटते.
मग तो कण फुटतो,
आकडा मागं ताणून उभा राहतो, पुढच्या ओढीसाठी.
कण आलाच नाही, तर
धरलेलं धरलेलंच.

मी आठवीत असताना एकदा आकडा मागितला होता खेळायला.
बाप म्हणाला होता,
"पोरी, वढाय काय, बैलबी वढतंय.
सोडायचं टायमिंग पायजे.
आकडा सुटला न्हाई की फळीवनं
पोतं तुला घिऊन खाली जातंय."
दस्तगीरमामानं तेव्हा पाठीवरचा वण दाखवला होता,
लांब, पांढरा, जरा हसूनच.

तो गेला मार्चमध्ये, यार्डामागच्या खोलीत, झोपेत.
मी पहाटेच्या गाडीनं पोहोचले
तेव्हा उजवी मूठ वळलेली होती.
बिरूनं अंगठ्यापासून बोटं उलगडायला घेतली.
येईनात.
बिरू रडायला लागला, म्हणाला, काय धरलंय ह्यानं?

काही नव्हतं धरलेलं.
मला माहीत होतं.
अख्खा धडा पाठ होता, पान नंबरासकट.
त्या एका दंडात कोट्यवधी आकडे
आपापल्या जागी रुतलेले,
आणि सोडायपुरतं बळ एकातही नव्हतं.
मी पुढं होऊन काहीच बोलले नाही.
दस्तगीरमामानं बिरूचा हात बाजूला केला.
"ऱ्हाऊ दे. जबरी नगं करू.
सोडंल त्येच्या टायमाला."

मामा चौथीपर्यंत शिकलेला.
आणि शास्त्राप्रमाणंही असंच असतं,
दीड-दोन दिवसांनी मूठ आपोआप ढिली होते.
आम्ही तेवढं थांबलो नाही.

हे वर्गात सांगत नाही मी.
फळा पुसायला घेते, धागे जातात,
पोत्याची रेघ राहते थोडी.
मागच्या बाकावरून तासगावची एक मुलगी हात वर करते.
"मॅडम, मग पेपरात काय लिहायचं?
शक्ती ओढायला की सोडायला?"
दोन्ही लिही.
पण सोडायचं आधी.
"किती मार्कांना येतं?"
दोन.