केसांवर गंज

भिंतीतल्या कोनाड्यात एक पन्नी हाये.
तीस वर्षं फणीतले केसं
बोटाभोवती गुंडाळून, थू करून
तिच्यातच कोंबले.
सालाकाठी केसंवाली येते,
तराजूत टाकते,
एका वर्साले एक वाटी.
पोरीच्या लग्नात सहा वाट्या देल्या,
माह्या डोक्यावरच्या.

औंदा पन्नी पोळ्यालेच भरली.

शाळेत खिचडी रांधतो मी.
सव्वाशे पोट्टे, एक चूल, एक सराटा.
एक दिवस वंशनं ताटातून केस वढला,
वढतच रायला, मांज्यासारखा,
सारी पंगत मोजून रायली,
एक हात, दीड हात…
गावंडे सरांनी पाह्यलं. काही बोलले नाई.
दुसऱ्या दिवशी खिडकीत टोपी ठेवली,
नर्सीची असते तशी, फुगलेली.

घाम तर पुसातई येते.
अंगातून वाफ निंघते, कानापर्यंत,
मंग आपोआप गार.
चुलीपाशी उभ्या बाईले कोन इचारते
का आच कोनाची हाये.
रात्री दार उघडून ओट्यावर बसतो.
हे म्हणते, चोर येईन.
म्हटलं येऊ द्या,
त्याले म्हणतो वारा घाल.

घाटंजीले मून मॅडम.
इचारलं, शेवटची पाळी कधी?
हे बाकड्यावरूनच बोलले,
"चौथी झाली मॅडम, पऱ्हाटी मोठी झाली,
आता डवरा चालत नाई."
मॅडम हसल्या नाई. मी हसली.
मंग मीबी तसंच मोजलं:
मांगच्या साली बोंडं फुटले
तवा शेवटचं कापड धुतलं,
अन् त्याच्यानंतर वाट नाई पाह्यली.

मॅडमनं कागदावर रेघ काढली,
टेकडीवानी, मंग उतार.
म्हणे हारमोन. हे खाली आलं का
झोप जाते, हाडं ठिसूळ होते, केसं पातळ.
गोळी असते. वाफ कमी होईल, झोप लागेल.
"केसांचं मी खात्रीनं नाही सांगत, पंचफुलाबाई."
हे लय आवडलं मले.
मेडिकलवाला सारंच खात्रीनं सांगते,
तेलाच्या शिशीसकट.

मंग इचारलं, घरात कोणाला छातीत गाठ होती?
मावशी, म्हटलं. देवका.
तिचेबी केसं गेले होते,
वर्धेच्या दवाखान्यात, सलाईनीतून जे देत त्यानं.
उशीवरचे आईनं पदरात गोळा करून आणले
अन् त्या साली केसंवालीले
दारातूनच वापस धाडलं.
मॅडमनं पेन खाली ठेवला.
आधी रक्त, थायरॉइड, छातीचा फोटो.
"मग ठरवू. आपण दोघी."

फोटो यवतमाळले. बस पावणेआठची.
मानधन दिवाळीपासून नाई.
चिठ्ठी तांदळाच्या डब्यात हाये, वरच.

काल केसंवाली आली.
पन्नी ठेवली तं पारडं जमिनीले टेकलं.
"बाई, औंदा गंज भेटते तुले. झाकणासकट!"
पांढरे बाजूले काढले तिनं, त्याले भाव कमी.
मंग गल्लीत इकडं तिकडं पाहून
सोताचाच पदर सरकवला:
भांग, बंडीच्या चाकोरीएवढा.
"माह्ये मी कोनाले इकू?"
दोघींनी चहा पेला.
तिनं माही टोपी मांगून पाह्यली,
घालून पाह्यली,
गंजाच्या बुडात तोंड पाह्यलं,
वापस देली.

गंजात आता तुरीची डाळ भिजते.

वंश रोज खिचडी आधी बोटानं हुडकते,
मंग खाते.
"काकू, आजबी नाई सापडला."
असं म्हणते जसं काही हारलंच.
उद्या एक टाकतो, म्हटलं,
तुह्यासाठी. लांब पाहून.