मीठ धरून

पणजीच्या ऑफिसातला पंखा फक्त साहेबाच्या बाजूला वळतो.
मी सत्यवती धाकू केळुसकर, राहणार बायणा, वास्को,
तिसऱ्यांदा सांगते आहे:

हे अडुसष्ट साली पेन्शनीत गेले. नेव्हीत स्टोकर होते.
एकाहत्तरच्या ऑक्टोबरात तार आली.
पोस्टमन कायतानने ती दारातच वाचून दाखवली
आणि हे शिडीवरून खाली उतरले.
घर शाकारायचं अर्धं राहिलं ते राहिलंच.
परत आले मे महिन्यात.

टेबलापलीकडची मुलगी म्हणते, आजी, नोंद सापडत नाही.
परत बोलावल्याचा हुकूम नाही,
जहाजाच्या यादीत नाव नाही,
सेवापुस्तक अडुसष्टलाच मिटतं.
मग ते सात महिने धरायचे कसे?

पेन्शन मात्र तेव्हा बरोब्बर बंद झाली होती,
कामावर रुजू आहेत म्हणून.
पगार कुठल्या कुठल्या बंदरांत त्यांना शोधत फिरत होता
आणि मी इथे, पोटात थोरली घेऊन,
रामनाथ पैंच्या दुकानाच्या पायरीवर.

म्हणून ही वही आणलीय.
दुकान मोडलं तेव्हा पैंच्या सुनेने घरी आणून दिली.
कडा वाळवीने खाल्ल्यात, अक्षर शाबूत आहे, वाच:

केळुसकरीण. उकडे तांदूळ पाच किलो.
रॉकेल, अर्धी बाटली.
चार डिसेंबर. काळा कागद, तीन ताव, खिडक्यांना.
परत रॉकेल.
सुके बांगडे, लहान, बारा.
फेब्रुवारी. सुंठ, बाळंतशोपा, एरंडेल.
आणि दर महिन्याच्या बेरजेखाली, लाल शाईत:
घोव बोटीवर.

बोट कुठली ते पैंना ठाऊक नव्हतं.
मलाही नव्हतं.
यांनी पुढे कधी सांगितलं नाही,
फक्त बॉयलरचं नाव निघालं की पाणी मागायचे.

मुलगी बोटाने ओळी मोजते.
थोड्या वेळाने म्हणते,
पण आजी, ही तर उधारी आहे.

होय गे बाय.
तेच सांगायला आले.

ती उठते, वही झेरॉक्सवर पालथी घालते,
हिरवा उजेड एकेका महिन्यावरून सरकत जातो.
शेवटच्या पानाशी मी तिचा हात धरते.
तिथे पैंनी लिहिलंय:
घोव आला. मीठ एक किलो, पैसे घेतले नाहीत.

हे पान नको काढू, बाय.
हे फिटलेलं आहे.